पान एकोणीस

उमरखाडीच्या रेकॉर्डखोलीत
आज यादी आली: मुदत संपलेल्या नस्त्या
नष्ट कराव्यात.

दोनशे चौदा हातात घेतली.
वय चौदा. मोबाइल, एक. माझगावच्या फुटपाथवरून.
नाव मी सांगणार नाही.
तो आता कुठेतरी एसी दुरुस्त करत असेल,
पोलीस पडताळणीत त्याच्यापुढे
‘निरंक’ येत असेल.
येऊ दे. फाडायलाच हवी.

पण पान एकोणीस.
त्याच्याच अक्षरात, पेन्सिलीने:
‘काळजीवाहक सर पाइपने मारतात. रात्री.
मी एकटा नाही.’
खाली शेरा नाही, आवक शिक्का नाही,
टाचणीचा गंज तेवढा.

हे फाडलं की सरांचे हात स्वच्छ.
ठेवलं तर पोराचं नाव कपाटात
आणि कपाटाची किल्ली चौघांकडे.

कोयंडेबाई म्हणाल्या,
नस्तीपायी नसती उठाठेव कशाला गं,
साडेपाच वाजले.

मी ब्लेडने नाव खरवडलं.
बापाचं, गल्लीचं, शाळेचंही.
पान उजेडाला धरलं तर
पलीकडची खिडकी दिसते.
सरांचं नाव राहू दिलं.

आता हे कुठल्या नस्तीत लावायचं?
तूर्त माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.
हेही नियमात बसत नाही.