अर्धा आटा मागे

नाच सुरू व्हायच्या आधी अर्धा तास
नवख्यांना शिकवायचं काम हल्ली माझ्याकडे आहे.
ब्रॅटलबरोबाहेरचा लाकडी हॉल,
दाराशी बर्फाचे बूट उलटेपालटे,
आणि मऊ तळव्याच्या बुटांत बारा-तेरा माणसं
माझ्याकडे अशी बघतायत
की मी त्यांना आता विहिरीत ढकलणार.

आधी हात द्या, मी म्हणतो.
नुसता द्या. धरू नका.
अंगठा वर राहू दे, त्याला इथे काम नाही.
थॅडियस म्हणून एक कॉलेजातला पोरगा आहे,
तळव्याला घाम, आणि भीतीनं इतकं आवळतो
की बोटातली अंगठी मला नव्यानं आठवते.

त्याला मी काय बोलणार?
एकतीस वर्षं लेथवर काढली,
आधी साताऱ्याला, मग इथे स्प्रिंगफील्डला.
सैल दिसलं की आवळायचं,
एवढंच माझ्या हातांचं शिक्षण.

आणि मेव्हचा खांदा माझ्या खात्यावर आहे.
नऊ वर्षं झाली. व्हायोलिन रंगात आलेलं,
मी तिचा हात उचलला, गर्रकन फिरवलं,
पुन्हा एकदा,
आणि लोक बघत होते म्हणून तिसऱ्यांदा.
ती हसली.
आम्ही आग्रहाच्या पंगतीत वाढलेली माणसं,
पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला
तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी.
ते हसू म्हणजे आडवा धरलेला हात होता
हे मला कळलं नाही.

दोन शनिवार ती आली नाही.
तिसऱ्या शनिवारी आली ती रांगेच्या पार त्या टोकाला.
पण हा नाचच असा,
एकेक घर सरकत सगळे सगळ्यांसमोर येतात.
ती आली, कोपर बरगडीशी घट्ट धरून,
पंखाखाली पिल्लू झाकावं तसं.
मी जन्मभर मोजमापं घेतली,
तेवढं अंतर मला बरोबर मोजता आलं.

तेव्हा नाच पुकारायची हॅरिएट पर्डी, अठ्ठ्याहत्तरची,
तिनं मला मागच्या स्वयंपाकघरात नेलं,
कपबशा विसळताविसळता म्हणाली,
हात वर नेणं हा प्रश्न असतो रे.
उत्तर येईपर्यंत थांबावं.
दुसरं काही बोलली नाही. फडकं माझ्या हातात दिलं.

आता स्विंग, मी म्हणतो.
उजवी पावलं शेजारी शेजारी, डावं मागून ढकलेल.
समोरच्याच्या डोळ्यांत बघा, घेरी येत नाही.
डोळे जड वाटले तर कानाकडे बघा, कान रागवत नाहीत.
थोडं मागे झुका. पण आपलं वजन आपण पेललेलं असू दे,
लोंबकळायचं नाही, ओढायचंही नाही.
एवढं सांगतो, आणि यांना फुगडी कशी सांगू ते सुचत नाही.
मथूताई आणि तिच्या मैत्रिणी
मागच्या अंगणात टाचा जुळवून गरगरायच्या,
आणि आम्हां पोरांना हाकलून द्यायच्या.
कुंपणाआडून मला दिसायचे फक्त सुटलेले केस.
दोघींमधलं ते ताणलेलं, समजुतीचं काहीतरी
बघायला मला समुद्र ओलांडावा लागला.

एक मुलगी विचारते, कुणी बोलावलं, आणि जायचं नसलं तर?
नको म्हण.
गुडघ्याचं निमित्त काढू नकोस,
गुडघा पुढे उपयोगी पडतो.
सगळे हसतात. ती हसत नाही, लक्षात ठेवते.

मग बँड. मग रांगा. खिडक्यांवर वाफ.
पाचव्या-सहाव्या फेरीला मेव्ह समोर येते.
मी हात दोन बोटं उचलतो. थांबतो.
कधी तिची बोटं हलकी होतात, कधी जड.
आज जड.
बरं, म्हणत आम्ही साधंच फिरतो, डोळ्यांत डोळे,
आणि फळीखालची जुनी तुळई आमच्याबरोबर कुरकुरते.

कारखान्यात मी शिकाऊ पोरांना सांगायचो,
पूर्ण आवळ, मग अर्धा आटा मागे घे,
नाहीतर यंत्र तापतं.
सांगायचो. घरी नेलं नाही कधी.

पलीकडच्या रांगेत थॅडियस.
अंगठा इतका वर, इतका ताठ,
की हमरस्त्यावर उभा राहून
येणाऱ्या प्रत्येकीकडे लिफ्ट मागतोय.