मिठाला जागणारे

बुसानहून पाकीट आलं एकोणीस दिवसांनी.
आत टिकलीएवढा गाळणकागद,
भोवती पेन्सिलीचं वर्तुळ,
आणि शेजारी सो-युलचं बारीक अक्षर :
"इथे कापा. दिसत नाही, पण आहे."

वाल्दिवियात, नदीकडच्या खोलीत,
आम्ही पाचजण टेबलावर वाकलो.
खाली मासळीबाजाराच्या धक्क्यावर
समुद्रसिंह जांभया देत होते.
शेजारच्या घरून विरजण आणावं
वाटीवर हात धरून, हिंदकळू न देता,
तसं हे आलं होतं
अर्ध्या पृथ्वीवरून.

एप्रिलपर्यंत आमचा जिवाणू फार शहाणा होता.
तांबड्या भरतीचं विष, मोजून एक थेंब,
नळाच्या पाण्यात टाकलं
की अर्ध्या तासात अबोली व्हायचा.
आम्ही फोटो काढले. फलक रंगवला.
यानारानं त्याला लाडाचं नावसुद्धा ठेवलं.

मग कास्त्रोहून रात्रीच्या बसनं आल्या
एर्सिरा मियालोन्को,
शिंपल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
माल पास-नापास करणाऱ्या.
आलेखांकडे त्यांनी पाहिलं नाही.
नळी हातात घेतली, उलटसुलट केली.
"होडीत, ओल्या हातमोज्यांनी,
हे झाकण उघडायचं कसं?"
बास्तियान म्हणाला, तो भाग नंतरचा.
"आणि समुद्राचं पाणी घालून पाहिलंत?"
तोही भाग नंतरचाच होता.

पिशवीतून त्यांनी बाटली काढली,
खाडीचं पाणी, तळाशी चिमूटभर वाळू.
सकाळी बशी कोरी.
एकही ठिपका नाही.
आमचे सगळे मिठात झोपले होते.

"शिजवून ते विष जात नाही," त्या म्हणाल्या,
"लिंबू पिळून तर नाहीच.
आधी ओठ बधिर होतात.
माझा दीर हसत होता. म्हणाला, जीभ झोपली बघ."
पुढचं सांगितलं नाही.
चहात साखर घातली, बराच वेळ ढवळली.

त्या रात्री बुसानला फोन.
त्यांचा नाश्ता, आमचं जेवण,
पडद्यावर दोन्हीकडे वाफ.
आम्ही लाजत लाजत कोरी बशी दाखवली.
सो-युलनं त्यांची वही उघडली,
जिंकलेली नाही,
फसलेल्या प्रयोगांची,
त्रेचाळीस पानं.
हे करू नका.
हे तर मुळीच नको.
इथे आमचे दोन महिने गेले.
भाषांतराचं यंत्र मध्येच म्हणालं,
"हा जिवाणू दुःखी आहे,"
आणि दोन्ही खोल्या एकदम हसल्या.
पान एकोणतिसावर
खाऱ्या पाण्यातच जन्मलेला एक जीव होता.
तो इथल्या एका सरांच्या शीतपेटीत निघाला,
दोन मजले वर, कित्येक वर्षं,
कुणी विचारलंच नव्हतं.
त्याला शिकवायचा धडा तेवढा
सो-युल पाठवणार होती,
कागदावर वाळवून.

आज बारा नळ्या, त्याच खाडीचं पाणी.
सहांत विष आहे, सहांत नाही.
अर्धा तास कुणी बोललं नाही.
मिठाला जागले.
सहाच्या सहा अबोली झाल्या,
आणि एक सातवी,
जिच्यात काहीच नव्हतं.

बास्तियाननं डोकं टेबलावर टेकलं.
एर्सिराबाईंनी नेमकी तीच उचलली,
उजेडात धरली.
"हा घाबरट आहे," म्हणाल्या.
"घाबरट चालेल. एक पोतं फुकट जाईल.
बेफिकीर मात्र नको मला."

मी लिहायला घेतलं,
पान चव्वेचाळीस, बुसानसाठी :
नळी सात, विष नाही, तरी रंग, कारण ठाऊक नाही.

मागे नळ सोडल्याचा आवाज.
यानारा जाड हातमोजे भिजवत होती,
बर्फात बुडवत होती.
झाकण पहिल्यांदा निसटलं.
दुसऱ्यांदाही.
एर्सिराबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या,
"आता होडी हलते आहे असं समज."