वर टांगलेला स्वल्पविराम

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर
पिठाच्या गिरणीला लागून एक जिना होता,
जिन्याच्या शेवटी गौसोद्दीन सरांचं टायपिंग.
खाली पट्टा फिरू लागला की वर अकरा मशिनी
आपोआप थरथरायच्या. अक्षरांवर पीठ बसायचं.

सर शिकलेले निजामाच्या शाळेत, उर्दूतून.
त्यांच्या हातचा स्वल्पविराम उलटा पडायचा, शेपूट वर,
प्रश्नचिन्ह भिंतीकडे तोंड करून बसायचं.
माझ्या इंग्रजी पानावर लाल पेन्सिल चालवताना
मधेच थबकायचे, खोडायचे, हसायचे:
"हात अजून उजवीकडूनच घरी येतो, बेटा."

नियम मात्र पक्के.
स्वल्पविरामानंतर एक घर मोकळं,
पूर्णविरामानंतर दोन.
एका घरात दम घ्यायचा, दोन घरांत पाणी प्यायचं.
उद्गारचिन्हाची कळच नव्हती आमच्या मशिनींना.
आधी तो वर टांगलेला स्वल्पविराम मारायचा,
मग एक पाऊल मागं यायचं,
मग त्याच्या पायाशी टिंब.
"एवढी मेहनत करून ओरडायचंच असेल तर ओरड," म्हणायचे,
"माणूस बहुतेक तेवढ्यात शांत होतो."

माझा हात जड, धुणं आपटणारा.
टिंब मारलं की कागदाला भोक.
खिडकीशी धरलं तर माझं पान म्हणजे चाळणी.
"हल्लू, बेटा, हल्लू.
बात खतम करनी है, कागद नहीं."

त्या टांगलेल्याशीच माझं कधी जमलं नाही.
एसच्या अलीकडं की पलीकडं?
अलीकडं म्हणजे मालक एक,
पलीकडं म्हणजे अनेक,
आणि वाचून दाखवावं तर आवाज तोच.
मी म्हणलं, कानाला कळत नाही तर कशाला पाहिजे?
सर म्हणाले, कचेरीला कान नसतात.

आता कोर्टासमोर माझं दुकान आहे.
मराठी कागदांचं इंग्रजी करून देते, खंडपीठात जाणाऱ्या.
पूर्णविरामानंतर बोट अजून दोन घरं सोडतं,
नवे वकील त्यातलं एक पुसतात.

मागच्या बुधवारी वालूरहून तिघी आल्या,
देवकाबाई, सुंद्राबाई आणि धाकटी गयाबाई.
वाटणीपत्राची झेरॉक्स. झेरॉक्सचीही झेरॉक्स.
सातवी ओळ: विहिरीकडची चार एकर, बहिणीचा हिस्सा.
की बहिणींचा?
वेलांटीच्या डोक्यावर काहीतरी होतं.
शाई असेल. माशी असेल.
भाऊ म्हणतो, माशी.
माशी असेल तर हिस्सा एकीचा,
आणि कोणत्या एकीचा ते कागदालाही माहीत नाही.

एस उमटवून मी थांबले.
अलीकडं की पलीकडं.

"मूळ कागद हाय का, बाई?"
देवकाबाईनं पिशवीतल्या पिशवीतून काढला.
टाइप केलेला, घड्यांवर फाटत आलेला.
मी तो वाचला नाही.
पालथा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं,
पाचवी, सहावी, सातवी.

माशी कागदाला टोचत नाही.

हे टोचलं.
उजेडाकडं धरलं तर त्या जागी ऊन आरपार.
कोणाचा हात एवढा जड होता?
खाली साल त्र्याण्णव.
घडीत पांढरं काहीतरी होतं,
मी झटकलं नाही.

मग एसच्या पलीकडं टांगला तो,
कळ संगणकाची असून, हल्लू.

सुंद्राबाई पडद्याच्या जवळ डोळे नेऊन म्हणाली,
"एवढ्याशाचे किती घ्यायलीस?"
पानाचे तीस. ह्याचे काही नाही.

तिघींनी अंगठे दिले.
अंगठ्यांत रेघा वळत गेलेल्या,
काही सरांच्या हातच्या, उलट्या,
काही सुलट्या,
एकीच्या पोटात दुसरी.
गयाबाई शाई पदराला पुसत विचारत होती,
वालूरची गाडी आता कितीला हाय