पाणसळ

शारजात, खाडीमागच्या जुन्या गल्लीतल्या गॅलरीत
मी तीन दिवस एक पलंग टांगतो आहे.
लोखंडी, एकेरी, सजाच्या आमच्या खोलीत आहेत तसाच.
चार तारांवर, जमिनीपासून पाच फूट.
बाई म्हणतात, हा थकवा आहे.
मी म्हणालो, बरं.

मौझाबाई अकरा वर्षं बँकेत होत्या.
एका सकाळी लिफ्टमध्ये त्यांना आपला मजला आठवेना,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत वरखाली करत राहिल्या.
हे त्यांनी हसत सांगितलं.
मी शिडीवर होतो, तोंडात स्क्रू,
त्यामुळे काही बोलावं लागलं नाही.

अट एकच : पलंग तंतोतंत समतल हवा.
पाणसळ ठेवतो. बुडबुडा रेषेत येतो,
एसीची झुळूक येते,
बुडबुडा उठून चालायला लागतो.

बाहेर साडेबाराला काम थांबतं. उन्हाळ्याचा कायदा.
समोरच्या इमारतीवरचे गवंडी पुठ्ठे अंथरून
कडुनिंबाखाली आडवे होतात तीनपर्यंत,
तोंडावर ओले पंचे.
आम्हांला एसी आहे,
म्हणून आम्हांला दुपार नाही.

बाबा गुहागरात भिंती बांधायचे. म्हणायचे,
ओळंबा सोडलास की हात काढून घे.
तो हलतोय तोवर
भिंतीला नावं ठेवायची नाहीत.

तिसऱ्या रात्री मी एसी बंद केला.
उकडेल, बाई म्हणाल्या.
म्हटलं, उकडू दे.
ओळंबा सोडला. हात काढून घेतला.
दोघं जमिनीवर बसून बघत राहिलो;
तो फेरे घालत होता, लहान, अजून लहान,
कुणाची तरी समजूत पटत यावी तसा.
बाई कधी झोपल्या कळलंच नाही,
पलंगाच्या बरोबर खाली, सिमेंटवर, चपला उशाशी.
दाराशी पहारेकरी गुरुंगही पेंगत होता.

तौसीफचा फोन आला, बस निघते आहे.
मी कापला.
चौथी तार पाव आटा सैल केली.
बुडबुडा मध्ये.
रोखलेला श्वास सोडला,
तरी मध्येच.

उद्या उद्घाटन. एसी सुरू होईल, माणसं येतील,
पलंग हलणारच.
पाटीवर लिहिलंय, हात लावू नये.

मी दिवे मालवले.
शिडी तशीच उभी ठेवली.
मिटताना ती फार कुरकुरते.