आखाजीला आठ दिवस

पारोळ्यात आमच्या गल्लीला नळ येतो पाचव्या दिवशी,
पहाटे चारला, सव्वा तास.
म्हणजे आखाजीपर्यंत दोनदाच.
एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी घर मांडलं:
पहिल्या पाण्यात गोधड्या, पडदे, मच्छरदाण्या,
दुसऱ्यात फरश्या, माठ, ओटा,
कोरड्या दिवसांत माळा, डबे, कपाट, देव.
देव शेवटी. त्यांना चिंच लागते,
आणि चिंच अजून मावशीकडून यायची आहे.

कोकिळाताई येणार, पोरांसकट, चार रात्री.
यांचं म्हणणं, बहीण काय घर तपासायला येते?
असं म्हणून ते शिडी धरून उभे राहिले
आणि त्यांचा वाटा झाला.

माळ्यावरून उतरलं
बूड गेलेलं पातेलं,
कूलरचा जुना वाळा, हात लावताच भुगा,
हर्षालीच्या सातवीच्या वह्या, प्रत्येकीत नऊच पानं भरलेली,
आणि युरियाच्या गोणीत गुंडाळलेलं खापर.
ते मी श्वास धरून खाली घेतलं,
बोटाने वाजवलं. खणखणीत.
चला, मांडे निभले.

ढीग तीन केले होते: ठेवायचं, द्यायचं, भंगार.
दुपारपर्यंत पाच झाले.
चौथा 'बघू'चा.
पाचवा, यांनी भंगारातून हळूच परत आणलेल्या वस्तूंचा.

आणि सगळ्यात तळाशी, एका जुन्या पिशवीत,
दोर.
अंबाडीचा, अंगठ्याएवढा जाड,
मधोमध गुळगुळीत झालेला,
जिथे पाटाच्या खाचा बसायच्या.
झोक्याचा.
तो कुठल्या ढिगात टाकावा, कळेना.

दारातला लिंब रस्ता रुंद करताना गेला,
त्याला हे तिसरं वर्ष.
तिथे आता पांढरा पट्टा आहे
आणि पट्ट्यावर दुधवाल्याचा टेम्पो.
घरात स्लॅब. स्लॅबला कडी एकच,
तिला पंखा.
चव्वेचाळीसच्या उन्हात पंखा उतरवून
नणंदेला झोका द्यावा
इतकी मी चांगली नाही.

दोर खांद्यावर टाकून सगळं घर फिरले.
डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या होत्या.
पाहुण्यांच्या उशा मोजून सहा.
सांजोरीचा रवा, डांगरं आणायची पिशवी,
नव्या घागरीवर ठेवायचा छोटा लोटा,
जे ते जिथल्या तिथे.
दोर तेवढा खांद्यावरच.

पहिलं पाणी आलं.
गोधड्या पायांनी तुडवल्या, हर्षालीने आणि मी,
एकमेकींचे खांदे धरून, अंधारात.
गच्चीवर वाळत घालायला तार पुरेना.
तेव्हा तोच दोर बांधला
टाकीच्या खांबापासून पत्र्याच्या शेडपर्यंत.
दहाला वारा सुटला, भट्टीतला.
सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी हलायला लागली,
आधी जड, थेंब टाकत,
मग हलकी, मग उंच,
मग अशी की माझ्याच तोंडून गेलं,
हळू.

फोन नेमका तेव्हा.
कोकिळाताई एकोणपन्नाशीच्या, डाव्या गुडघ्याला पट्टा.
दोन वाक्यं उन्हाची, एक एसटीच्या वेळेचं,
मग थोडं थांबून, आवाज खाली आणून,
"झोका बांधा का वं?"
मी समोर पाहिलं.
"बांधा ना," म्हटलं. "ये तू."

खाली येऊन पत्रिका काढली.
गोधड्यांवर काट मारली.
आणि देवांच्याही खाली,
जिथे वधूपित्याचा शिक्का उमटलाय तिथे,
तिरकं लिहिलं:
आरिफ वेल्डर. गच्चीच्या शेडचा पाइप. दोन कड्या.