उलटं टांगलेलं चाक

सेवाग्रामहून परतताना मामाच्या डोळ्यांवर
काळा चष्मा होता, मागे हिरव्या दोरीनं बांधलेला,
आणि आत नव्या भिंगाचा चौथा दिवस.
वडनेरच्या अलीकडे त्यानंच गाडी थांबवायला लावली :
'ते लाल काय दिसून राहिलं वं?'

ते लाल म्हणजे कोठार, अमेरिकेतलं.
म्हणजे पत्रा बुटीबोरीचा, रंग तेवढा तिकडचा.
मालक ओहायोच्या कुठल्याशा गोदामात
अकरा वर्षं खोकी मोजून परत आला
आणि तुरीच्या वावराकडे पाठ करून
त्यानं हे परदेशी खेडं उभं केलं :
बसायला तणसाचे गठ्ठे, वर चौकड्यांचं कापड,
आणि भर दुपारी मुद्दाम अंधारे ठेवलेले बल्ब.

मामानं बसण्याआधी गठ्ठा दाबून पाहिला.
'तणस चांगली आहे. बैलानं खाल्ली असती.'

मेनू बारदान्याच्या तुकड्यावर छापलेला.
लिंबूपाणी लोणच्याच्या बरणीत आलं,
साधं पाणी कान असलेल्या पांढऱ्या टमरेलात;
मामा टमरेलाकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे,
मग तहान नाही म्हणाला.

वाढणाऱ्या पोराच्या छातीवर बिल्ला : जॉनी.
डोक्यावर कडेनं वळलेली टोपी.
मक्याची भाकर गोड निघाली, केकासारखी,
कोंबडी काळपट, चिकट, धुराच्या वासाची.
'काऊन रे बापू, कोंबडीले गूळ लावला काय?'
पोरानं मालकाच्या टेबलाकडे एकदा पाहिलं,
आत गेला, आणि रुमालाखाली झाकून
स्वतःच्या डब्यातला ठेचा घेऊन आला.
'तुहं खरं नाव काय?'
'जनक उईके, बाबाजी.'
तिखट डॉक्टरनं बंद सांगितलं होतं.
मी काही बोलले नाही.

तिसऱ्या घासाला मामानं चष्मा काढला.

समोरच्या भिंतीवर चाक होतं.
गाडीचं, पुरुषभर उंच, भोवती दिव्यांची माळ.
तो तसाच उठला, बोटं चाटत,
लग्नातल्या नवरीजवळ जावं तसा
थोडा बाजूनं जवळ गेला.
बारा आरे. मोजले.
तुंबा बाभळीचा, आरे तिवसाचे, धाव जुनी.
'उलटं टांगलं,' म्हणाला. 'तोंड भितीकडे केलं.'
जॉनी म्हणाला, 'फोटोत असंच होतं जी.'

मग मामाचं बोट एका आऱ्यावर थांबलं,
जिथं तो तुंब्यात शिरताना
केसभर डावीकडे झुकतो.
'शिवनाथ,' मामा म्हणाला.
एवढंच.

शिवनाथ म्हणजे दहेगावचा दुसरा सुतार,
ज्याच्या दारावरून मामा कधी गेला नाही,
ज्याच्या तेरवीलाही गेला नाही,
आणि बेचाळीस वर्षं पाचही गावांत सांगत फिरला
की शिवनाथला आरा बसवता येत नाही,
त्याचं चाक दोन हंगामांत खिळखिळं होते.

मामानं चाक दोन्ही हातांनी धरलं
आणि गदागदा हलवलं.
माळ हलली. पत्रा वाजला.
पलीकडच्या टेबलावर वाढदिवसाचा केक कापणारी पोरं थांबली.
मालक खुर्चीतून अर्धा उठला.
चाकात कुठंच काही हललं नाही.

त्यानं परत एकदा हलवून पाहिलं,
या वेळी हळू,
जसं झोपलेल्याचा खांदा हलवतात.

मग येऊन बसला. उरलेला ठेचा बोटानं पुसून घेतला.
बिल मी दिलं, साडेआठशे आणि वर कर.
मामानं बंडीच्या खिशातून वीस रुपये काढून
जनकच्या हातात दाबले : ठेच्याचे.
आणि जाता जाता, मालकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात :
'धावेले तेल लाव रे महिन्यातून. गंज धरून राहिली.'

गाडीत त्यानं चष्मा पुन्हा चढवला.
बाहेर कापसाचं रान मागं पळत होतं,
त्याला ते हिरवं दिसत होतं की काळं, कोण जाणे.
नदीच्या पुलापर्यंत तो बोलला नाही.
पुलावर म्हणाला, 'कोंबडी गोड होती, पण शिजली होती चांगली.'

आणि पूल संपल्यावर, काचेकडे तोंड करून :
'आरा वाकडाच आहे पण.'