नळीतलं पाणी

शाळेच्या भिंतीवर ती रेघ मीच ओढली होती
एकोणीसच्या ऑगस्टात, पाणी उतरल्यावर,
खिळ्यानं, चिखल ओला होता तोवर.
नंतर दोनदा रंग लागला शाळेला.
रंगाखालून अजून लागते बोटाला.

आज तिथं नळीचं एक टोक धरून उभा आहे
चंपाक्का मगदूमांचा नातू, श्रेणिक.
दुसरं टोक घेऊन मी.
चाळीस हात नळी, आत दोन पेले पाणी.
गाव त्याहून मोठं, म्हणून टप्प्याटप्प्यानं,
चावडीच्या खांबावर खूण,
डेअरीच्या दारावर खूण,
मग उताराला, ओढ्याकडं.
उभ्या जन्मात याच पाण्यावर जोती बांधली मी.
त्याला कन्नड येत नाही, मराठी येत नाही,
फक्त बरोबरी येते.

निपाणीहून विम्याचा कागद आलाय अक्कांना.
सगळा कन्नडात. श्रेणिकची शाळा कन्नड,
त्यानं वाचून दाखवला.
"प्रवाह म्हणजे पूर, आज्जी."
"आपल्यात प्रवाह म्हंजे नुसतं व्हाणं.
व्हातंय ते व्हाऊ दे की. त्याचा कसला विमा?"

रकाना : नदीपासून घर किती मीटर?
"एप्रिलात मोजू का ऑगस्टात?" अक्कांनी विचारलं.
एप्रिलात वेदगंगा इतकी लांब
की धुवायला नेलेल्या म्हशी दिवेलागणीला परततात.
ऑगस्टात ती न्हाणीच्या मोरीतून वर येते.
समोरून येतच नाही कधी.
पुढं दूधगंगा तिला घेत नाही,
दूधगंगेला कृष्णा घेत नाही,
मग नाकारलेलं पाणी मागं वळतं,
ओढ्याचं तोंड धरतं
आणि आपण नदीकडं बघत उभे असताना
पाठीमागनं गावात शिरतं.

रकाना : पूर्वी पाणी शिरलं होतं का?
"न्हाई लिहू? हप्ता कमी बसंल म्हणत्यात.
आणि घर तर पुराच्या नंतरचं.
खोटं कुठं हाय त्यात?"

मी बोललो नाही.
घर मी बांधलंय.
भूपालदादा होते तेव्हा. पैसे हातात धरून
विचारत होते, मेस्त्री, जोतं दोन फूट वर घ्यावं का?
मला सौंदलग्याचं काम गाठायचं होतं.
इथं पाणी येत नाही, म्हणालो.
चार शब्द. तीन थर दगड वाचले,
आठ दिवस वाचले.

सोप्यात नळी भिंतीला लावली.
पाणी वर गेलं, खाली आलं, परत वर,
थांबलं.
"खुणंवर हाय!" श्रेणिक लांबून ओरडला.
माझ्याकडं ते थांबलं होतं
खिडकीच्या तळपट्टीवर चार बोटं.
शिलाई मशीन खाली.
धान्याची कणगी खाली.
शोकेसवरचा भूपालदादांचा फोटो
गळ्यापर्यंत.

दोन फूट जोतं असतं
तर गुडघ्याला लागलं नसतं.

पेन्सिलीनं रेघ मारली. हात कापला, रेघ नाही.
मग जे येत होतं तेवढं सांगत बसलो.
भिंतींचा विमा वेगळा, भिंतींच्या आतल्याचा वेगळा,
दोन्हीवर खूण करा.
मशीनची पावती शोधा.
सगळ्या सामानाचे फोटो काढ रे श्रेणिक,
आणि मामाकडं पाठवून ठेव,
मोबाईलपण बुडतोय.
पैसे पाणी उतरल्यावर येतात, अक्का,
पाणी अडवायला येत नाहीत.

त्या रकान्याशी परत आलो.
"लिहा, घरात न्हाई, जाग्यावर व्हय.
आणि मी त्यावेळी दादांना
चुकीचं सांगितलं."

त्या बराच वेळ कागदाची घडी घालत राहिल्या.
"मी च्या करत हुते आत," म्हणाल्या.
"ऐकलं हुतं मी.
खरं हाय असं वाटलं, बरं वाटलं."

फोटो उचलला, पदरानं काच पुसली.
"हातोडी आणलीया न्हवं?
एक खिळा मारा. वर."
किती वर, मी विचारलं.
"आता तुमीच सांगा," म्हणाल्या,
"या बारीला नीट."